पहिला जुना टीव्ही: व्हॉल्व्हचा घ्यावा की ट्रान्झिस्टरचा?

जुना टीव्ही आणून पुन्हा चालता करावा असं मनात आलं, की निवड बहुतेक दोन गोष्टींत अडकते. एकीकडे व्हॉल्व्हचा, म्हणजे तापणाऱ्या काचेच्या नळ्यांवर चालणारा, जड लाकडी संच, दुसरीकडे ट्रान्झिस्टरचा, मूठ धरून उचलता येणारा पोर्टेबल. दोन्ही कृष्णधवलच. माझं मत आधीच सांगतो: काम शिकायचं असेल तर व्हॉल्व्हचा घ्या, लवकर चित्र दिसायला हवं असेल आणि जागा कमी असेल, तर ट्रान्झिस्टरचा.

मात्र निवड कुठलीही असो, घेण्याआधी दोन भाग बघा: पिक्चर ट्यूब (जिच्यावर चित्र उमटतं ती) आणि फ्लायबॅक ट्रान्सफॉर्मर (तिला हजारो व्होल्ट पुरवणारा). बाकी जवळपास सगळ्याला पर्याय आहे. कंडेन्सर आणि रेझिस्टर आजही नवे बनतात. ईएफ८० किंवा पीसीएल८२ सारखे व्हॉल्व्ह त्या काळी इतके बनले, की न वापरलेले अजून सापडतात. पिक्चर ट्यूब मात्र घरी बनत नाही, आणि जुन्या ट्यूबमध्ये नवी गन (इलेक्ट्रॉनचा झोत सोडणारा भाग) बसवून देणारे कारखाने जवळजवळ सगळे बंद पडले. फ्लायबॅकमध्ये केसासारख्या तारेचे शेकडो वेढे असतात. आतल्या आत दोन वेढे शॉर्ट झाले, की पडदा काळाच राहतो. म्हणून पॉलिश उडालेला, पण ट्यूब शाबूत असलेला संच मी डोळे झाकून घेईन. चकचकीत पेटी आणि मेलेली ट्यूब असेल तर हात लावणार नाही. ट्यूबच्या मानेजवळ आतून चंदेरी डाग दिसतो. तो दुधासारखा पांढरा झाला असेल, तर आत हवा शिरली आहे आणि तिथे विषय संपला.

आता व्हॉल्व्हचा संच. त्याची मोठी बाजू म्हणजे तो वाचता येतो. १९४६ च्या आरसीए ६३०-टीएस या १० इंची संचात ३० व्हॉल्व्ह आहेत. आकडा ऐकून छाती दडपते, पण खालून पाहिलं तर प्रत्येक तार कुठून कुठे जाते ते डोळ्यांना दिसतं. सोल्डरचा डाग काढायला, नवा भाग बसवायला ऐसपैस जागा असते. बिघाडही ठरलेले: मेणकागदाचे कंडेन्सर गळतात, इलेक्ट्रोलिटिक कंडेन्सर सुकतात, कार्बनच्या रेझिस्टरचे ओहम वाढलेले असतात. आवाज फाटतो आणि आउटपुट व्हॉल्व्ह तापतो, तेव्हा त्याच्या ग्रिडवर (सिग्नल आत घेणाऱ्या पायावर) मीटर लावा. तिथे पॉझिटिव्ह व्होल्ट दिसले, की बहुतेक वेळा आधीच्या टप्प्याकडून सिग्नल आणणारा कपलिंग कंडेन्सरच गुन्हेगार असतो. असे दहा-पंधरा भाग एकेक करून बदलताना सर्किट आपोआप समजत जातं. ही समज पोर्टेबलवर इतक्या सहज येत नाही.

धोका मात्र इथे जास्त आहे, आणि तो हसण्यावारी नेऊ नका. पुष्कळ व्हॉल्व्ह संचांत व्हॉल्व्ह तापवणारे सगळे हीटर एकामागोमाग जोडलेले असतात आणि चॅसिस (धातूचा सांगाडा) थेट मेन्सच्या, म्हणजे घरच्या विजेच्या, एका तारेला लागलेलं असतं. प्लग उलटा बसला तर अख्खं चॅसिस जिवंत. संच मेन्सपासून वेगळा ठेवणारा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर असा संच उघडूच नका. पहिल्यांदा वीज देताना सिरीज बल्ब लावा, म्हणजे संचाकडे जाणाऱ्या विजेच्या वाटेत एक बल्ब जोडा. बल्ब लख्ख पेटला तर आत शॉर्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाआधीच्या काही संचांत ट्यूबचे हजारो व्होल्ट सरळ मेन्स ट्रान्सफॉर्मरमधून येतात. तो धक्का प्राण घेतो. ते संच अनुभवी माणसासाठीच.

ट्रान्झिस्टरच्या संचांची सुरुवात १९५९ च्या फिल्को सफारीने आणि १९६० च्या सोनी टीव्ही८-३०१ ने झाली. सोनीचा पडदा ८ इंचांचा. असे पुष्कळ पोर्टेबल १२ व्होल्टवर चालतात, हा सुरुवात करणाऱ्याला मोठाच आधार. करंटला मर्यादा घालता येणारा पॉवर सप्लाय लावला, तर चूक झाली तरी सहसा धूर निघत नाही. पण ट्यूबवर इथेही १० हजार व्होल्टच्या आसपास दाब असतो, आणि संच बंद केल्यावरही तो चार्ज ट्यूबमध्ये साठून राहतो. तो काढताना तार ट्यूबच्या बाहेरच्या काळ्या लेपाच्या अर्थवर टेकवा, चॅसिसवर नको. व्हॉल्व्ह तो झटका सोसतो, ट्रान्झिस्टर सोसत नाही.

कामाच्या दृष्टीने पोर्टेबल किचकट. भाग दाटीवाटीने बसवलेले, प्रिंटेड बोर्डच्या पट्ट्या जरा जास्त उष्णता लागली की सुटतात, आणि एक ट्रान्झिस्टर गेला की शेजारच्यांचे व्होल्टही बिघडतात, त्यामुळे मूळ दोष लपतो. एएफ११४ ते एएफ११७ या जर्मेनियम ट्रान्झिस्टरांचा एक खास आजार आहे: डबीच्या आत कथलाचे केसासारखे तंतू वाढतात आणि आतल्या भागाला चिकटतात. डबीला जोडलेला चौथा पाय कापला, की कित्येकदा तोच ट्रान्झिस्टर पुन्हा कामाला लागतो.

सिग्नलचा प्रश्न दोघांनाही आहे. ॲनालॉग प्रक्षेपण अनेक देशांत थांबलं. अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ ला, ब्रिटनने २०१२ मध्ये ते बंद केलं. आता सेट-टॉप बॉक्स किंवा प्लेअरला मॉड्युलेटर (चित्र-आवाज जुन्या टीव्हीच्या चॅनेलवर चढवणारी डबी) जोडावा लागतो. तो व्हीएचएफ पट्ट्याचा हवा, कारण चॅनेल पकडणाऱ्या पुष्कळ जुन्या ट्यूनरना वरचा यूएचएफ पट्टा माहीतच नाही. चित्राच्या ओळींची संख्या जुळते का ते बघा: ६२५ की ५२५. ब्रिटनच्या ४०५ ओळींच्या संचाला वेगळा कन्व्हर्टर लागतो. ते प्रक्षेपण १९८५ मध्येच संपलं. चित्र स्वच्छ आणि आवाज गायब असेल, तर संच खोलू नका. मॉड्युलेटरच्या चित्र आणि आवाजाच्या लहरींमधलं अंतर ४.५, ५.५ की ६ मेगाहर्ट्झ आहे ते आधी तपासा. अँटेनाच्या चपट्या ३०० ओहम वायरच्या जागी ७५ ओहमची केबल जोडायची, तर मध्ये बॅलन (दोन्ही जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) लागतोच.

रंगीत संचाचा मोह होतो, मी समजू शकतो. आरसीएच्या १९५४ च्या सीटी-१०० मधली १५ इंची ट्यूब काच आणि धातूच्या जोडातून गळते, त्यामुळे जिवंत ट्यूब मिळणं कठीण. पुढच्या रंगीत संचांत २०-२५ हजार व्होल्ट, तीन गनचं कन्व्हर्जन्स (तिन्ही झोत एकाच जागी जुळवणं) आणि क्ष-किरण अडवणारी जाळी. ती जाळी काढून संच चालवायचा नाही. असा संच हाती आलाच, तर कोरड्या जागी झाकून ठेवा आणि दोन-तीन कृष्णधवल संच बोलते केल्यावरच त्याचं मागचं झाकण उघडा.