मित्रे यांचा वाडा: ब्युनोस आयर्समधील म्युसेओ मित्रे

अर्जेंटिनाच्या जुन्या दोन पेसोंच्या निळ्या नोटेवर पुढे बार्तोलोमे मित्रे यांचे चित्र आणि मागे त्यांचे राहते घर छापलेले असे. ती नोट 2018 मध्ये चलनातून गेली. घर मात्र ब्युनोस आयर्सच्या मध्यवस्तीत, सान मार्तिन रस्त्यावर 336 क्रमांकाला, बँका आणि कचेऱ्यांच्या उंच इमारतींच्या मधोमध अजून उभे आहे. देशाचे राष्ट्राध्यक्ष, सेनापती, इतिहासकार आणि ‘ला नासिओन’ या दैनिकाचे संस्थापक असलेल्या या गृहस्थांनी आयुष्याची शेवटची कित्येक वर्षे ज्या घरात काढली, त्यातच 1907 साली संग्रहालय उघडले गेले. ब्युनोस आयर्सला जाणाऱ्या, विशेषतः इतिहासाची आणि वृत्तपत्रांची आवड असणाऱ्या मराठी वाचकाने अर्धा दिवस राखून ठेवावा इतके ते मोलाचे आहे, असे माझे स्पष्ट मत झाले आहे.

घर अठराव्या शतकाच्या अखेरचे, स्पॅनिश अमदानीतल्या धाटणीचे आहे. रस्त्याकडून दार लहान वाटते, पण आत गेल्यावर चौक लागतात आणि त्यांच्या कडेने खोल्या उलगडत जातात. आपल्याकडच्या वाड्यांत वावरलेल्या माणसाला ही रचना मुळीच परकी वाटत नाही. चौकात उभे राहिले की बाहेरची वाहतूक मागे पडते आणि खोल्या एका विशिष्ट माणसाच्या दिनक्रमासाठी मांडलेल्या आहेत हे ध्यानात येऊ लागते. राजवाड्याचा थाट येथे कोठेच नाही, आणि त्याला कारण आहे. 1868 मध्ये मित्रे पदावरून उतरले तेव्हा त्यांच्याकडे स्वतःचे घर नव्हते. ते येथे भाड्याने राहत असत, आणि पुढे चाहत्यांनी व नागरिकांनी वर्गणी काढून हे घर त्यांना भेट दिले. सहा वर्षे देशाचा कारभार पाहिलेल्या माणसाला घर लोकवर्गणीतून मिळाले, ही गोष्ट माहीत असली की या साध्या खोल्या वेगळ्याच दिसतात.

मित्रे यांचा जन्म 1821 चा. रोसास यांच्या एकाधिकारशाहीच्या काळात त्यांचे तारुण्य परागंदा अवस्थेत गेले: मोन्तेविदेओ, मग बोलिव्हिया, पेरू आणि चिली. लढणे आणि लिहिणे हे दोन्ही उद्योग त्यांनी तेव्हाच एकत्र सुरू केले; चिलीत तर वृत्तपत्रांत लिहूनच त्यांचा निर्वाह चालला. 1852 मध्ये कासेरोसच्या लढाईत रोसास यांचा पाडाव झाला आणि ते परतले. पुढल्याच वर्षी ब्युनोस आयर्सच्या वेढ्यात त्यांच्या कपाळाला गोळी लागली; तो व्रण जन्मभर राहिला. 1861 च्या पाव्होनच्या लढाईनंतर सूत्रे त्यांच्या हाती आली आणि 1862 मध्ये ते एकसंध अर्जेंटिनाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले.

पद सुटल्यावर दोन वर्षांच्या आत, 4 जानेवारी 1870 रोजी, त्यांनी ‘ला नासिओन’ सुरू केला. ही तारीख वाचून मी थबकलो, कारण बरोबर अकरा वर्षांनी, 4 जानेवारी 1881 रोजी, पुण्यात ‘केसरी’चा पहिला अंक निघाला. हा योगायोगच आहे आणि त्याचा अधिक अर्थ काढू नये, पण मराठी वाचकाला ती तारीख विसरता येणार नाही. आपले पत्र हे सिद्धान्ताचे व्यासपीठ राहील अशी प्रतिज्ञा पहिल्या अंकात होती. पुढे क्युबाचे होसे मार्ती आणि निकाराग्वाचे रुबेन दारिओ यांच्यासारखे लेखक या पत्रासाठी बातमीपत्रे लिहीत, यावरून त्याचा पल्ला कळतो. मात्र प्रतिज्ञेची कसोटीही लवकरच लागली. 1874 च्या निवडणुकीत गैरप्रकार झाल्याचा आरोप करून मित्रे यांनी सशस्त्र उठाव केला, तो फसला, ते कैदेत गेले आणि वृत्तपत्र काही महिने बंद पडले. संपादकाने तलवार उपसावी का, हा प्रश्न त्यांच्या अभ्यासिकेपुढे उभे असताना माझ्या मनातून जाईना. माझे उत्तर नकाराचे आहे. लेखणी हातात असताना त्यांनी तिच्यावरच भरवसा ठेवायला हवा होता.

संग्रहालयाचा खरा प्राण ग्रंथालयात आहे, आणि तेथे घाई करू नये. अमेरिका खंडाचा इतिहास, भूगोल आणि तेथील मूळ रहिवाशांच्या भाषा यांवरील ग्रंथ मित्रे यांनी आयुष्यभर जमवले; नाणी, पदके आणि नकाशे यांचेही मोठे संग्रह येथे आहेत. मुक्तिदाता होसे दे सान मार्तिन यांची कागदपत्रे त्यांच्या वारसांनी मित्रे यांच्या स्वाधीन केली होती. त्यांच्या आधारे त्यांनी सान मार्तिन यांचे बृहत् चरित्र लिहिले, आणि त्याआधी स्वातंत्र्यलढ्यातले नेते मानुएल बेल्ग्रानो यांचे. 1881 च्या सुमारास इतिहासकार व्हिसेन्ते फिदेल लोपेस यांच्याशी त्यांचा जो वाद झाला, तो इतिहासाच्या प्रत्येक अभ्यासकाने समजून घ्यावा असा आहे. लोपेस यांचा भर घरोघरी चालत आलेल्या आठवणींवर आणि कथनाच्या ओघावर, तर मित्रे यांचा आग्रह असा की अस्सल कागदाशिवाय विधान करू नये. कागदपत्रे शोधण्यासाठी गावोगाव हिंडलेल्या इतिहासाचार्य राजवाड्यांच्या महाराष्ट्रात हा आग्रह वेगळा समजावून सांगावा लागत नाही. दान्तेचे महाकाव्य त्यांनी स्पॅनिश पद्यात आणले, तेही याच घरातल्या वास्तव्यात, उतारवयात. एवढे सारे एका माणसाने राजकारण सांभाळून कसे केले असेल, याचे आश्चर्य पुस्तकांच्या रांगा पाहून कमी होत नाही, उलट वाढतेच.

येथे येण्यापूर्वी पॅराग्वेच्या युद्धाविषयी अवश्य वाचावे, अशी माझी आग्रहाची सूचना आहे. 1865 मध्ये ब्राझील आणि उरुग्वे यांच्यासह अर्जेंटिना पॅराग्वेविरुद्ध त्या युद्धात होता आणि संयुक्त फौजांचे नेतृत्व मित्रे यांच्याकडे होते. 22 सप्टेंबर 1866 रोजी कुरुपाय्तीच्या तटबंदीवर त्यांनी केलेल्या हल्ल्यात दोस्तांची सुमारे 4,000 माणसे पडली किंवा जखमी झाली, तर पॅराग्वेची हानी शंभराच्या आसपास होती. पुढे राष्ट्राध्यक्ष झालेल्या सार्मिएन्तो यांचा तरुण मुलगा तेथेच मारला गेला. युद्ध 1870 पर्यंत चालले आणि पॅराग्वेची लोकसंख्या त्यात भयंकर घटली. ग्रंथप्रेमी, मितव्ययी, सुसंस्कृत मित्रे आणि कुरुपाय्तीचा सेनापती ही एकच व्यक्ती होती, हे मनात धरूनच या खोल्यांतून फिरावे; नाहीतर घराच्या शांततेने आपली फसगत होते.

काही व्यावहारिक गोष्टी सांगणे आवश्यक आहे. भुयारी रेल्वेच्या बी मार्गावरील फ्लोरिदा स्थानकावरून येथे काही मिनिटांत चालत पोहोचता येते. थोडे स्पॅनिश येत असेल तर पाहण्यातला आनंद कितीतरी वाढतो. येत नसेल तर मित्रे यांच्या आयुष्यातले पाच-सहा प्रसंग आधी टिपून न्यावेत. लहान मुलांना कदाचित नाण्यांपलीकडे फार काही आवडणार नाही. खुले राहण्याचे दिवस आणि वेळा आदल्या दिवशी पाहून घ्याव्यात.

मी शेवटी शयनगृहापाशी बराच वेळ थांबलो. 19 जानेवारी 1906 रोजी चौऱ्याऐंशी वर्षांचे मित्रे याच घरात वारले. तिथून बाहेर पडून फ्लोरिदा रस्त्यावरच्या वृत्तपत्रविक्रेत्याकडे त्या दिवशीचा ‘ला नासिओन’ मागितला, आणि त्याने तो लगेच काढून दिला.