रणांगण की रिंगाण?

दोन कादंबऱ्या, नावं इतकी सारखी की नागपूरच्या बर्डीवर एक पुस्तक मागितलं अन् दुसरंच हातात आलं. मग दोन्ही वाचली. विश्राम बेडेकरांची ‘रणांगण’ १९३९ची. युरोपातून निघालेली बोट, चक्रधर आणि नाझींच्या तावडीतून सुटलेली ज्यू हॅर्टा. कूलरमध्ये पाणी भरायचं विसरून एका दुपारीच संपवली. चक्रधरचा राग आला, तो अजून आहे.

कृष्णात खोतांच्या ‘रिंगाण’ला २०२३चा साहित्य अकादमी पुरस्कार. धरणापायी उठलेलं गाव, मागे राहून रानटी झालेली म्हैस. बोली कोल्हापूरकडची, आमच्या वऱ्हाडी कानांना सुरुवातीची पानं जडच गेली. मोठ्यानं वाचली तेव्हा कुठे लय सापडली. पुन्हा वाचायची तर ‘रिंगाण’च. ‘रणांगण’चा शेवट परत उघडवत नाही.