पहिल्या दिवशी आली ती नर्स, नंतर राहिली ती कोण?

गोमेकॉतून, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजातून, डिस्चार्जचा कागद हातात पडतो आणि संध्याकाळच्या आत घरी माणूस हवा असतो. नाकात नळी, लघवीला कॅथेटर, मुलगा दुबईला नाहीतर लंडनला, घरात सत्तरी ओलांडलेली बायको. ही घाई घरी नर्स पुरवणाऱ्या ब्युरोवाल्यांना पक्की ठाऊक असते. दर फोनवरच ठरतो. नोंदणी फी, महिन्याचे आगाऊ पैसे आणि डिपॉझिट एकदम मागतात, तेही कुणाच्या तरी खासगी यूपीआयवर. पावती मागितली की व्हॉट्सॲपवर अंगठा येतो.

पहिल्या दिवशी येते ती खरोखर शिकलेली असते. बीपी घेते, नळीतून भरवून दाखवते, कुशीवर कसं वळवायचं ते सांगते. घरचे निर्धास्त होतात. तीन-चार दिवसांनी ‘तिच्या घरी अडचण आली’ म्हणून दुसरी मुलगी हजर. फोंडा असो, डिचोली असो की पेडणे, हा डाव सगळीकडे असाच खेळला जातो. दर मात्र नर्सचाच चालू राहतो. नव्या मुलीला बहुतेकदा कुणी काही शिकवलेलंच नसतं आणि तुम्ही भरता त्यातला बराच भाग तिच्या हाती पडत नाही. तिच्यावर राग काढू नका, तीही त्याच ब्युरोच्या हातची फसलेली असते.

पैसे गेल्याचं दुःख एकवेळ पचतं. खरं नुकसान रुग्णाच्या अंगावर उमटतं. नळीतून भरवताना खाटेचं डोकं ३० ते ४५ अंश वर हवं आणि भरवून झाल्यावर निदान अर्धा तास तसंच राहायला हवं. भरवण्याआधी नाकाशी असलेली नळीवरची खूण जागेवर आहे का ते बघायचं, शेवटी साधारण ३० मिली पाणी सोडायचं. न शिकलेली मुलगी रुग्णाला सपाट झोपवूनच पेज सोडते, आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात उतरतं. कॅथेटरची पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खालच्या पातळीला, पण जमिनीला न टेकता हवी. कूस बदलताना ती गादीवर ठेवली की तुंबलेली लघवी उलटी वर जाते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते.

इन्सुलिनचं तर विचारूच नका. आपल्याकडे कुपीतलं इन्सुलिन बहुधा मिलीलिटरला ४० युनिटचं असतं, पेनमधलं १०० चं. ४० च्या सिरिंजचं टोपण लाल, १०० च्या सिरिंजचं नारिंगी. कुपी ४० ची आणि हातात सिरिंज १०० ची असेल, तर २० च्या रेघेपर्यंत ओढूनही अंगात जातात फक्त ८ युनिट. उलट झालं तर ५०, म्हणजे साखर धाडकन खाली. आलेल्या माणसासमोर दोन्ही सिरिंज ठेवा आणि या कुपीला कुठली, एवढंच विचारा. तिथे अडखळली तर इन्सुलिन तिच्या हाती देऊ नका, मग सर्टिफिकेट कितीही चकचकीत असो.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाची कूस सर्वसाधारणपणे दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा. म्हणून अशा रुग्णासाठी ‘चोवीस तासांची एकच बाई’ विकणारा ब्युरो पहिल्याच वाक्यात थाप मारतोय असं समजा. महिनाभर रोज रात्री दर दोन तासांनी कुणी उठत नाही. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या हव्यात, नाहीतर रात्रीची कूस घरच्यांनी बदलायची हे आधीच ठरायला हवं.

नोंदींचा तक्ता नीट बघा. सकाळी सहा, आठ, दहा, रात्री दोन, चार, सगळीकडे एकाच पेनाची शाई, एकच वळण आणि बीपी १२०/८० असेल, तर तो तक्ता चहा पिता पिता एका बैठकीत भरलेला आहे. तक्ता सोडा, माकडहाडावरची आणि टाचांची कातडी बघा. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. दाबल्यावर पांढरा पडत नसेल तर व्रणाची, म्हणजे बेडसोरची, सुरुवात झाली. तिथे मालीश करू नका, तो भाग दाबातून मोकळा करा आणि डॉक्टरांना दाखवा. एअर गादी भाड्याने घेतली म्हणून कूस बदलणं चुकत नाही. गादीचं भाडंही काही महिन्यांत विकतच्या किमतीवर जातं, ते वेगळंच.

पैसे देण्याआधी नाव, आधार आणि नर्सिंग कौन्सिलचा नोंदणी क्रमांक मागा, तो कौन्सिलकडून पडताळून घ्या आणि पोलीस पडताळणी झाली आहे का तेही विचारा. जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचं शिक्षण, एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं, जीडीए (जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे मदतनीस) काही महिन्यांचा कोर्स. अंघोळ, भरवणं, कूस बदलणं यासाठी चांगला जीडीए पुरतो, पण इंजेक्शन आणि नळी घालणं त्याचं काम नव्हे. करारात माणसाचं नाव आणि शिक्षण लिहून घ्या. बदली त्याच शिक्षणाची आणि किती तासांत येणार, तसं न झाल्यास त्या दिवसांचे पैसे परत कसे मिळणार, हेही लिहिलेलं असू दे. ‘आम्ही केवळ मध्यस्थ, सेवेची जबाबदारी आमची नाही’ अशी ओळ सहसा बारीक अक्षरात शेवटी असते. ती खोडल्याशिवाय सही करू नका.

फसवणूक झालीच तर फोनवर भांडण्यात वेळ घालवू नका, लेखी तक्रार पाठवा. १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे. जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि भरलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. पैसे घेऊन ब्युरोच गायब झाला असेल तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. मारहाण किंवा उपासमारीचा संशय असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ आहे, आणि जिवावरचा प्रसंग असेल तर ११२.

एक काम मात्र आधीच करा. डिस्चार्जच्या दिवशी, घरी आणल्याबरोबर पाठ, माकडहाड आणि दोन्ही टाचा यांचे फोटो तारखेसह काढून ठेवा. आयोगासमोर ब्युरोचं पहिलं उत्तर ठरलेलं असतं, की व्रण हॉस्पिटलातूनच आला होता.