दहा महिने, तीन गॅस: एअरसॉफ्ट पिस्तुलात कोणता भरावा?

गेल्या ऑक्टोबरात बर्मिंगहॅमला एअरसॉफ्टसाठी, म्हणजे खोट्या बंदुकांतून प्लॅस्टिकचे छर्रे मारायच्या खेळासाठी, पहिलं गॅस ब्लोबॅक पिस्तूल घेतलं. यात गॅस छर्रा उडवतो आणि स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागेही ढकलतो. दुकानातल्या माणसाने सोबत ग्रीन गॅसचा कॅन दिला आणि म्हणाला, हा सगळ्यांत चालतो. जुलैत त्याच गॅसवर त्याच पिस्तुलाची स्लाइड तडकली. या दहा महिन्यांत तीन प्रकारचे गॅस वापरून झाले, दुसरं पिस्तूल आलं. आता नवीन खेळाडू "कोणता गॅस घेऊ?" असं विचारतो तेव्हा मी आधी दोन गोष्टी विचारतो: स्लाइड कशाची आहे, आणि खेळणार कोणत्या महिन्यात?

ग्रीन गॅस म्हणजे मुख्यतः प्रोपेन आणि त्यात थोडं सिलिकॉन ऑइल. गळती कळावी म्हणून घरच्या सिलिंडरात जो वास मिसळतात, तो यात नसतो. मॅगझिनमध्ये, म्हणजे छर्रे आणि गॅस भरायच्या मुठीतल्या पेटीत, गॅस द्रवरूपात बसतो. प्रत्येक गोळीला थोडा द्रव उकळून वायू होतो आणि त्यासाठी लागणारी उष्णता मॅगझिनच्या धातूतून ओढून घेतो. मंगल कार्यालयात आचारी मोठ्या शेगडीचा सिलिंडर गरम पाण्याच्या टबात ठेवतात, ते ज्यांनी पाहिलंय त्यांना ही गोष्ट लगेच कळेल. गॅस जोरात ओढला की सिलिंडर गार पडतो, दाब उतरतो आणि ज्योत बसते. पिस्तुलात हेच चार-पाच सेकंदांत होतं. (मॅगझिन मात्र गरम पाण्यात किंवा हीटरवर कधीही ठेवू नका. खिशात, अंगाशी ठेवलं की पुरतं.)

दाबाचे आकडे एकदा नीट पाहिले आणि माझा बराच गोंधळ मिटला. २० अंश सेल्सिअसला प्रोपेनचा दाब सुमारे ८.४ बार असतो (एक बार म्हणजे साधारण हवेच्या दाबाएवढा), जपानी पिस्तुलं ज्यावर बेतलेली असतात त्या १३४ए नावाच्या गॅसचा ५.७ बार, आणि कार्बन डायऑक्साइडचा (सीओटू) तब्बल ५७ बार. आता तापमान उतरवा. १० अंशांना प्रोपेन ६.४ बारवर येतो, म्हणजे १३४ए साधारण २४ अंशांना देतो तेवढाच दाब. इंग्लंडच्या हिवाळ्यात ग्रीन गॅस भरलेल्या प्लॅस्टिक स्लाइडच्या पिस्तुलाला जपानच्या सुखद दिवसाइतकाच मार बसत होता. म्हणून माझं पिस्तूल हिवाळाभर टिकलं आणि मला वाटलं, दुकानातला सल्ला बरोबर होता. ३० अंशांना प्रोपेन १०.८ बारवर जातो. जुलैतल्या त्या दुपारी मॅगझिन उन्हात टेबलावर पडलं होतं, त्यामुळे आतला दाब त्याहूनही जास्त असणार. तिसऱ्या मॅगझिनला इजेक्शन पोर्टच्या, म्हणजे स्लाइडवरच्या खिडकीच्या, कोपऱ्यात केसाएवढी चीर दिसली. पिस्तूल तिथेच बाजूला ठेवलं. तुमच्याही स्लाइडचा तो कोपरा दर खेळानंतर पाहत जा. तुटलेली स्लाइड मागे, म्हणजे तोंडाकडे येते.

जानेवारीचा अनुभव याच्या उलट. सकाळी ६ अंश. ०.२० ग्रॅमच्या छर्‍याने क्रोनोवर (वेग मोजायच्या यंत्रावर) ग्रीन गॅसची पहिली गोळी २५५ एफपीएस (फूट प्रति सेकंद), भरभर मारलेली दहावी २१५. पंधराव्याला स्लाइड अर्धी मागे जाऊन अडकली. मॅगझिनच्या बुडाशी पांढरं दहिवर धरलं होतं. त्याच आठवड्यात धातूच्या स्लाइडचं, सीओटूसाठीच बनवलेलं दुसरं पिस्तूल घेतलं. १२ ग्रॅमची कॅप्सूल, थंडीतही ३४० ने सुरुवात आणि मॅगझिनच्या शेवटी ३२५. धक्का हाताला सुखावतो, हे मान्य करतो. पण मे महिन्यात तेच पिस्तूल ३५० च्या वर गेलं आणि मार्शलने, म्हणजे खेळावर देखरेख करणाऱ्याने, दिवसभर वापरू दिलं नाही. त्याचं बरोबरच होतं. इथल्या खेळाच्या बऱ्याच मैदानांची ती मर्यादा असते. ऊर्जेत सांगायचं तर सुमारे १.१४ ज्यूल. शिवाय सहा महिन्यांत या पिस्तुलाचं नोझल (गॅस छर्ऱ्यामागे सोडणारी नळी) एकदा बदलावं लागलं, स्लाइड मागे अडकवून धरणाऱ्या खटक्याची, स्लाइड कॅचची, धारही झिजली. आणखी एक: कॅप्सूल एकदा फोडली की त्याच दिवशी संपवावी. मी एकदा आठवडाभर तशीच ठेवली आणि सील चपटं होऊन गळायला लागलं.

कमी दाबाचा सौम्य गॅस, इथे १४४ए नावाने मिळतो तो, मी स्लाइड तडकल्यावर आणला. आधीच आणायला हवा होता. नवी प्लॅस्टिक स्लाइड बसवून ऑगस्टपर्यंत तोच वापरला. वेग कमी, पण बंद हॉलमध्ये दहा-पंधरा मीटरवर वेग लागतो कुणाला? हॉप-अप (छर्ऱ्याला उलटी फिरकी देणारा रबरी भाग) नीट लावलं की छर्रा सरळ जातो, आणि अचूकपणा तर गॅस बदलून येतच नाही. १० अंशांखाली मात्र हा गॅस दमतो.

जपानी १३४ए मागवायच्या भानगडीत पडलो नाही. हवेत सुटल्यावर त्याची तापवण्याची ताकद कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १४०० पट आहे आणि युरोपात त्यावर निर्बंध आहेत. खेळासाठी तो हवेत सोडणं मला पटत नाही.

भरण्याची पद्धतही गॅसइतकीच महत्त्वाची. मॅगझिन उलटं, कॅनही उलटा, सरळ रेषेत दाबायचं. मॅगझिन कॅनपेक्षा थोडं गार असेल तर द्रव पटकन उतरतो. व्हॉल्व्हच्या तोंडातून फवारा आला की थांबायचं. काठोकाठ भरलं तर वायूला जागा उरत नाही आणि नोझलमधून द्रवच थुंकला जातो. महिन्यातून एकदा फिल व्हॉल्व्हमध्ये (गॅस भरायच्या झडपेत) सिलिकॉन ऑइलचा एक थेंब. घरातलं मशीनचं तेल अजिबात नाही, त्याने ओ-रिंगचं, म्हणजे गॅस अडवणाऱ्या गोल सीलचं, रबर फुगतं. प्रोपेन पेटतो, त्यामुळे भरताना जवळ सिगारेट नको, आणि कॅन उन्हात तापणाऱ्या गाडीत नको.

सध्या माझ्या बॅगेत मार्च ते मे आणि सप्टेंबरनंतर ग्रीन गॅस असतो, उन्हाळ्यात आणि हॉलमध्ये १४४ए, आणि सीओटूचं पिस्तूल फक्त डिसेंबर-जानेवारीत बाहेर निघतं. दिवाळीला पुण्याला जाईन तेव्हा कॅन विमानात नेता येणार नाहीत, ते इथेच मित्राच्या गॅरेजमध्ये सावलीत राहतील. मॅगझिन रिकामी करून ठेवणार नाही. थोडा गॅस आत राहिला की ओ-रिंग जागेवर दाबून बसतात आणि परत आल्यावर गळत नाहीत.