पन्नाशीनंतरचा बेल्ट: लिव्हर की बक्कल?

गेल्या महिन्यात आमच्या लालबागच्या व्यायामशाळेत एक गृहस्थ आले. वय ५२. आठ महिने मन लावून पॉवरलिफ्टिंगच्या तिन्ही लिफ्ट केलेल्या, म्हणजे स्क्वॉट (बार खांद्यांवर घेऊन खाली बसून उठणं), बेंच (पाठीवर झोपून बार वर ढकलणं) आणि डेडलिफ्ट (बार जमिनीवरून उचलणं), आणि आता मास्टर्समध्ये, म्हणजे चाळिशीपुढच्यांच्या गटात, उतरायची इच्छा. सिंगलेट (स्पर्धेचा अंगाला घट्ट बसणारा एकसंध पोशाख) घेऊन झालं होतं, नी-स्लीव्ह (गुडघ्यांवर चढवायचे पट्टे) घेऊन झाले होते, गाडी अडली होती बेल्टपाशी. "दादा, लिव्हरचा घेऊ की बक्कलचा?" त्यांना सेटच्या मधे उभ्या उभ्या जे सांगितलं ते अर्धवट राहिलं. त्यांच्यासारखे आणखीही असतील, म्हणून इथे सविस्तर लिहितो.

मी ५७ वर्षांचा आहे, ९३ किलो गटात खेळतो. चार वर्षं लिव्हरचा, म्हणजे खटक्याने बंद होणारा, १३ मिलिमीटर जाडीचा बेल्ट वापरला. आता हे तिसरं वर्ष एका काट्याच्या बक्कलच्या बेल्टचं, तो १० मिलिमीटरचा. दोन्ही चांगल्या कातड्याचे आणि दोन्ही नियमात बसणारे. त्यामुळे कुठला जास्त किलो उचलून देतो हा वाद मी घालणार नाही. माझ्या आकड्यांत तरी तसा फरक दिसला नाही. फरक पडला तो बेल्ट अंगावर चढवताना, उतरवताना आणि बदलताना.

एक गोष्ट मात्र मनात पक्की असू द्या. आपण खेळतो त्या क्लासिकमध्ये, म्हणजे आधार देणाऱ्या कपड्यांशिवायच्या प्रकारात, घट्ट सूट नाही, बेंच शर्ट नाही, गुडघ्याला रॅप (आवळून गुंडाळायच्या पट्ट्या) नाहीत. धडाला आधार म्हणजे पोटात भरून घेतलेला श्वास आणि त्याला चारी बाजूंनी अडवणारा बेल्ट. पोरांचा बेल्ट बोटभर इकडेतिकडे बसला तरी ती निभावून नेतात. आपल्याला दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कंबर हिशेब दाखवते. म्हणून या निवडीला मी नी-स्लीव्हच्या निवडीपेक्षा जास्त वजन देतो.

लिव्हरचं कौतुक आधी करतो, कारण ते खरं आहे. खटका दाबला की बेल्ट बसला, खटका उचलला की सुटला. घट्टपणा रोज तोच, त्यात अंदाज नाही, ओढाताण नाही. जड स्क्वॉट रॅकमध्ये (बार ठेवायच्या खांबांवर) ठेवल्यावर जी दोन-तीन सेकंदं डोळ्यांपुढे काजवे चमकतात, त्या वेळी एका बोटाने बेल्ट सुटतो याचं सुख ज्याने अनुभवलं त्यालाच कळेल. मला बीपीची गोळी चालू आहे. श्वास रोखून, बेल्ट आवळून वजन उचलताना रक्तदाब बराच वर जातो, हे डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं होतं. त्यामुळे बेल्ट झटकन सुटणं ही माझ्यासाठी चैन नव्हती, गरज होती. पहिला बेल्ट मी याच कारणासाठी लिव्हरचा घेतला आणि तेव्हा तो निर्णय बरोबरच होता, असं आजही वाटतं.

बीपीचा विषय निघालाच आहे तर एक सांगून ठेवतो. बीपीच्या पुष्कळ गोळ्यांमध्ये लघवी वाढवणारं औषध मिसळलेलं असतं आणि ही औषधं उत्तेजक-प्रतिबंधक नियमांखाली स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही बंद आहेत. चाचणी होणाऱ्या स्पर्धेत उतरायचं असेल तर गोळीच्या पाकिटावरची घटकद्रव्यं आधी वाचा. डॉक्टरांना सांगून पर्यायी गोळी मिळते का पाहा, नाहीतर वैद्यकीय सवलतीचा रीतसर अर्ज करा. आपल्या आपण गोळी बंद करणं हा पर्याय नाही.

आता माझं मत जिथे फिरलं तो दिवस.

तीन वर्षांपूर्वीची मुंबईतलीच एक स्पर्धा, महिना मे. वजनं सकाळी सात ते साडेआठ, स्क्वॉट नऊला. मी ९१.४ भरलो. आदल्या रात्री जेवताना हात आखडता घेतला होता, म्हणून वजन झाल्या झाल्या उपमा, दोन केळी आणि मीठ-साखरेचं पाणी. स्क्वॉटला बेल्ट छान बसला, तिन्ही प्रयत्नांना पंचांचे पांढरे दिवे, म्हणजे तिन्ही मान्य. बेंच संपेपर्यंत दुपारचा एक वाजून गेला. हॉलमध्ये पंखे होते, पण मेमधली मुंबई ती. जेवढा घाम जात होता तेवढं पाणी पोटात जात होतं. त्यावर घरून आणलेला दहीभात खाल्ला. पावणेदोनला डेडलिफ्टच्या वॉर्म-अपला बेल्ट गुंडाळला आणि लिव्हर दाबला, तर तो बसेना.

लिव्हर एक भोक मागे घ्यायचा तर दोन स्क्रू काढावे लागतात. माझ्या बॅगेत खडूची वडी होती, मांड्यांना लावायची टाल्कम पावडर होती, लांब मोजे होते, चिक्की होती. स्क्रू-ड्रायव्हर नव्हता. साउंड सिस्टिमवाल्या मुलाकडून मागून आणला. पहिला स्क्रू निघाला. दुसऱ्याच्या डोक्यावरची खाच घामाने आणि आपल्या खाऱ्या हवेने गंजून झिजली होती, ड्रायव्हर त्यात नुसताच गरगर फिरत होता. मी जमिनीवर मांडी घालून बसलेलो, बेल्ट पायांत धरलेला, हात घामाने निसटतायत आणि पुकारा ऐकू येतोय: माझ्या आधी फक्त दोन जण उरलेत. शेवटी काढलेला स्क्रू परत बसवला आणि दोन पोरांनी मिळून लिव्हर दाबून लावला. एक जण म्हणत होता, "काका, पोट आत घ्या, अजून आत."

१७० किलोचा पहिला प्रयत्न जमला. १८० ला खाली वाकलो तेव्हा बेल्टची कड बरगड्यांत रुतली आणि श्वास पोटापर्यंत पोचेचना. छातीतल्या छातीत जेवढा आला तेवढ्यावर ओढलं. पाठ गोल झाली, बार गुडघ्याच्या खालीच थांबला. तिसऱ्या प्रयत्नालाही १८०, आणि तेच. सरावात मी १८५ दोनदा ओढले होते. अख्ख्या वर्षाची तयारी एका झिजलेल्या स्क्रूपाशी अडकली, याचं वाईट आजही वाटतं.

बार लोड झाल्याची घोषणा झाली की प्रयत्न सुरू करायला एक मिनिट असतं. बाकीचा पोशाख किंवा मनगटाचे रॅप प्लॅटफॉर्मवर नीटनेटके करायला परवानगी नाही, बेल्ट मात्र तिथेही घट्ट-सैल करता येतो. बक्कलवाल्याला या सवलतीचा खरोखर उपयोग आहे. लिव्हरवाल्याला ती असून नसल्यासारखी.

स्पर्धेआधी स्क्रू तपासणं माझं काम होतं, ते मी केलं नाही, हे मान्य. गंजलेले स्क्रू वेळीच बदलले असते आणि बॅगेत ड्रायव्हर ठेवला असता तर ती वेळ आली नसती. स्क्रू न काढता मागेपुढे होणारे लिव्हरही आता निघाले आहेत. मी एकाचा हाताळून पाहिला, काम चोख होतं. परदेशातून मागवायचा तर ड्युटी धरून किंमत बरीच चढते, पण ज्यांना परवडतं त्यांनी तो जरूर बघावा. माझा आक्षेप साध्या, दोन स्क्रूंच्या लिव्हरला आहे, कारण बहुतेक जण तोच घेतात.

आणि मूळ अडचण स्क्रूची नाहीच, पोटाच्या घेराची आहे. आपल्या वयात तो सकाळी एक असतो, दुपारी दुसरा. सगळ्यांचं असंच असेल असं नाही, मी माझ्या पोटाचं सांगतो. पहाटे सहाला रिकाम्या पोटी सराव केला तर मी तिसऱ्या भोकात असतो. रविवारी संध्याकाळी, दुपारचं जेवण अंगावर असताना, चौथ्यात. गणपतीनंतर एक भोक बाहेर, मार्गशीर्षात परत आत. शिवाय एकाच दिवशी स्क्वॉटला मला घट्ट हवा असतो आणि डेडलिफ्टला एक भोक सैल, नाहीतर बारपर्यंत वाकताना पोट मधे येतं आणि पाठीची ठेवण बिघडते. बक्कलच्या बेल्टला हे सगळं दहा सेकंदांचं काम आहे. लिव्हर वापरायचो तेव्हा मी ते करतच नव्हतो. स्क्रू कोण काढणार, म्हणून चार वर्षं एकाच मापात दोन्ही लिफ्ट करत राहिलो. दर डेडलिफ्टच्या दिवशी बरगडीखाली एक लाल वळ उठायचा. बक्कल घेतल्यावर तो उठणं बंद झालं. यात जाडीचाही वाटा असणार, कारण १३ वरून १० वर आलो. किती वाटा कशाचा, हे मला वेगळं काढून सांगता येणार नाही.

बक्कलचे त्रासही आहेत आणि ते लहान नाहीत. काटा भोकातून काढायचा तर बेल्ट आधी आणखी आवळावा लागतो, मगच तो मोकळा होतो. म्हणजे जड सेटनंतर, नेमका श्वास हवा असतो तेव्हा, आणखी एकदा दाबून घ्यायचं. माझ्या उजव्या अंगठ्याचा सांधा सकाळी ताठलेला असतो. पहिले दोन महिने मी वैतागलो होतो. मग आमच्या कोचने युक्ती दाखवली. रॅकच्या खांबासमोर उभं राहायचं, बेल्टचं टोक खांबाला वळसा घालून पकडायचं आणि अंगाचा भार मागे टाकायचा. बोटांनी ओढायचं नाही, वजनाने ओढायचं. सोडतानाही तसंच. डेडलिफ्टला खांब नसतो, तिथे सोबतच्या पोराला सांगतो, तो प्लॅटफॉर्मवर जायच्या आधी आवळून देतो. आणि मुळात शेवटच्या घट्ट भोकापर्यंत मी आता जात नाही. एक भोक कमी घेतो आणि उरलेलं काम श्वासाने करतो.

दोन काट्यांचा बेल्ट मात्र घेऊ नका. एक काटा पुरेसा मजबूत असतो, आणि घामाच्या हातांनी दोन काटे दोन भोकांत एकदम बसवणं म्हणजे वेळ दवडणं. भोकांमधलं अंतर साधारण इंचाचं असतं. मला दोन भोकांच्या मधलं माप लागत होतं, ते करी रोड स्टेशनबाहेर चपला दुरुस्त करणाऱ्या काकांनी पाडून दिलं. त्यांनी बेल्ट हातात घेऊन वाकवून पाहिला, कातडं चांगलं आहे म्हणाले, लोखंडी पंच ठेवून हातोडीचे सहा-सात ठोके दिले. कड इतकी स्वच्छ आली की कंपनीचं भोक कुठलं आणि काकांचं कुठलं हे शोधावं लागतं.

पावसाळा दोघांनाही सारखाच छळतो. जुलैत बेल्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत राहिला तर आतल्या मऊ बाजूवर पांढरट-हिरवी बुरशी धरलीच म्हणून समजा. घरी आल्यावर कोरड्या फडक्याने पुसायचा आणि पंख्याखाली खुंटीला टांगायचा. तेल लावू नका, कातडं मऊ पडतं आणि आपल्याला ते कडकच हवं असतं. बक्कलही गंजतं, पण गंजलेलं बक्कल निदान लागतं आणि सुटतं.

धारावीत कातड्याची कामं होतात, तिथे बेल्ट करून मिळतो आणि सरावाला तो ठीक असतो. स्पर्धेसाठी रुंदी कुठेही १० सेंटीमीटरच्या आणि जाडी १३ मिलिमीटरच्या वर जाता कामा नये. पुढे आयपीएफच्या (आंतरराष्ट्रीय पॉवरलिफ्टिंग महासंघाच्या) आंतरराष्ट्रीय स्पर्धेचं स्वप्न असेल तर त्यांच्या मान्य यादीतला बेल्ट लागतो. तसं असेल तर सुरुवातीलाच तो घ्या, दोनदा खर्च नको.

लिव्हर कोणी घ्यावा? ज्यांची बोटं खरोखर दुखतात त्यांनी. आमच्याकडे एक ताई आहेत, ६३ वर्षांच्या, बँकेतून निवृत्त. बोटांच्या सांध्यांना संधिवात आहे. बक्कल त्यांनी आठवडाभर वापरून पाहिला आणि परत केला. लिव्हर त्यांना तळहाताने दाबता येतो. अंगकाठी बारीक, त्यामुळे पोटाचा घेर दिवसभर फारसा हलत नाही. स्क्रू त्या दर महिन्याला स्वतः काढून, पुसून, परत लावतात आणि ड्रायव्हर कायम पर्समध्ये. मला म्हणाल्या, "अहो, तुम्ही बेल्ट बदललात, मी सवय लावून घेतली." त्यांच्या बाबतीत त्यांचंच बरोबर आहे. ज्यांचं वजन वर्षभर किलोभरही हलत नाही, ज्यांचं स्क्वॉटला आणि डेडलिफ्टला एकच माप जमतं, त्यांनाही मी लिव्हरपासून परावृत्त करणार नाही.

पण पोट थोडं सुटलेलं असेल, सराव कधी पहाटे तर कधी संध्याकाळी होत असेल आणि स्पर्धेत डेडलिफ्टपर्यंत दोन वेळा खाणं होणार असेल, तर माझा कल एका काट्याच्या १० मिलिमीटरच्या बेल्टकडे आहे. माप घेताना पॅंटचा नंबर सांगू नका. बेंबीच्या रेषेत टेप लावा, एकदा सकाळी रिकाम्या पोटी आणि एकदा रात्री जेवल्यावर. दोन्ही मापं मधल्या भोकांत बसतील असा आकार निवडा.

आणि त्या ५२ वर्षांच्या गृहस्थांना एवढंच राहिलं होतं सांगायचं: माझा जुना लिव्हरचा बेल्ट व्यायामशाळेत दाराजवळच्या खुंटीवर आहे, स्क्रू नवे घातलेत. महिनाभर वापरून बघा. एखाद्या रविवारी संध्याकाळी, जेवण झालेलं असताना, त्यात डेडलिफ्टही करून बघा. स्क्रू-ड्रायव्हर ताईंकडे मिळेल.