पावसातली सायकल: ब्रीदेबल जॅकेट की साधा रेनकोट?

भाचा जुलैत ताम्हिणीमार्गे सायकलने कोकणात उतरणार आहे, आणि रेनकोटपाशी घोडं अडलंय.

आधी घामाचं बघू. ब्रीदेबल म्हणजे पाऊस अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारं कापड. पण त्यातून वाफ बाहेर पडते ती आत ऊबदार-दमट आणि बाहेर थंड-कोरडं असेल तेव्हा. कोकणात जुलैत हवाच ओलीचिंब; वाफ जाणार कुठे? त्यात वरचं पाणी झटकणारं कोटिंग झिजलं की कापड पाणी पितं आणि उरलासुरला श्वासही कोंडतो. घाट चढून मी माझ्या जॅकेटची बाही उलटी केली, तर घामाची धार लागली. महागातलं होतं बरं का!

साधा, म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकचा रेनकोट आतून भिजवतोच, पण काही शे रुपयांत मिळतो आणि फाटला तर चिकटपट्टीवर भागतं. जड मात्र असतो, उतारावर शिडासारखा फुगतो.

निगा? ब्रीदेबल धुऊन, ऊब देऊन कोटिंग जागं करावं लागतं. टूरवर कोण करतंय!

तर भाच्या, लडाख-स्पितीला निघालास तर ब्रीदेबलच घे. तिथल्या थंडीत घामाने ओलं राहणं परवडत नाही. कोकणासाठी साधा, पुढून चेनचा घे. चढावर खुशाल भीज, उतारावर वारा लागू नये म्हणून घाल.