दाभोळहून जयगड की जयगडहून दाभोळ?

मुलांना घेऊन शिडाच्या होडीनं कोकण किनाऱ्यावरच्या या दोन बंदरांमधला प्रवास करायचाय, प्रश्न निघायचं कुठून एवढाच. साताऱ्याहून कुंभार्ली घाट उतरला की दोन्ही बंदरं गाठता येतात. समुद्रातलं अंतरही तेच, साधारण ३० किलोमीटर. फरक वाऱ्याचा. हिवाळ्यात दुपारी बहुधा वायव्येचा वारा सुटतो. जयगडहून निघालं तर तो तोंडावर. शीड वाऱ्याच्या तोंडाशी सरळ चालत नाही, होडी नागमोडी न्यावी लागते, वाट लांबते, मुलांना लाटा लागतात. बामणोलीला शिवसागरात, म्हणजे कोयना धरणाच्या जलाशयात, केलेला सराव इथे पुरत नाही. दाभोळहून निघालं तर तोच वारा पाठीशी. दाभोळला वाशिष्ठी नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा आहे. तो सकाळी, पाणी भरलेलं असताना, ताज्या अंगानं ओलांडावा. संध्याकाळी जयगडचं दीपगृह दिसतंच. आम्ही दाभोळ ठरवलं. आईनं दशम्याही तेवढ्याच मोजून बांधल्यात.